चावी मावशीकडे

मावशी, तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी गाडी काढली. दुपारी करंजाड्याच्या पहिल्या स्टॉपला थांबलो, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि न बघताच डावीकडे हात पुढे केला. हात तसाच राहिला. दाराजवळच्या तुझ्या सीटवर वंदना बसली होती. ऑफिसने घाईघाईत पाठवलेली, नवी मुलगी. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय देऊ काका? पाणी?"

मी म्हणालो, "काही नाही." चावी खिशात टाकली. मागे दुसरीतली दोन पोरं खिदळली. मी त्यांच्यावर खेकसलो आणि लगेच वाईट वाटलं. तू असतीस तर तिथल्या तिथे माझीच कानउघाडणी केली असतीस.

चार वर्षं प्रत्येक स्टॉपवर माझ्या गाडीची चावी तुझ्या मुठीत असायची. पोरं उतरवायची, रस्त्यापलीकडे नेऊन सोडायची, परत येऊन सीटवर बसायचं, दार लावायचं आणि मग चावी माझ्या हातात द्यायची. तोवर मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. शाळेच्या मैदानात गाड्या लावल्या की बाकीचे ड्रायव्हर माझी टर उडवायचे. "काय रे, घरची चावी पण मावशीकडेच असते का?" मी हसण्यावारी न्यायचो, पण आतून जळफळाट व्हायचा. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस मी, आणि माझी चावी एक बाई घेऊन उतरते! याचं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. कारण फक्त तुला आणि मला माहीत होतं, असं मी या शुक्रवारपर्यंत समजत होतो.

सुरुवातीला मी तुला "अहो मावशी" म्हणायचो. तू ओवे गावातून सकाळी साडेपाचला निघून यायचीस, साडीवर शाळेचा निळा कोट, कोटाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या, सेफ्टी पिना आणि उलटीसाठी पिशव्या. पहिल्याच आठवड्यात मी एका स्टॉपवर गाडी पुरती थांबायच्या आत दार उघड म्हणालो. तू दार धरून बसलीस. "गारी थांबली का? चाक थांबलं का? मंग उघरते." आणि वर, "मना आवो-जावो नको करू. तुज्याहून मोठी हाय, पन सासू नाय तुजी." त्या दिवसापासून तू "तू" झालीस आणि मी "बाला".

तुझी उतरायची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. दार अर्धंच उघडायचीस. आधी तुझा एक पाय खाली, मग मान मागे वळवून बघायचं. कारण आपल्याकडे बस थांबली की मोटरसायकलवाले उजवीकडून तर जातातच, पण दार आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीतूनही घुसतात. नेमकी तीच जागा, जिथे पोराचा पहिला पाय पडतो. एकाचं हँडल तुझ्या कोपराला लागून दोन टाके पडले होते. दुसऱ्या दिवशी तू कोपराला पट्टी बांधून हजर, आणि तोच हात पुन्हा बाहेर.

डावी बाजू मोकळी आहे याची खात्री झाली की पोरांना खाली घ्यायचीस, फुटपाथवर भिंतीला पाठ लावून उभं करायचीस आणि एकटी बसच्या पुढे जाऊन रस्त्याच्या मध्ये उभी राहायचीस. शाळेने दिलेला लाल "थांबा"चा बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात मोडला. नंतर नुसता पंजा. डंपर असो की रिक्षा, तू गाडीकडे बघायचीच नाहीस, काचेतून आतल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "त्यानं मना बगितलंय का नाय, ते बगते. त्यानं बगितल्याबिगर पोर हलवायचं नाय." दोन्ही बाजू थांबल्या की पोरं बसच्या पुढून, दहा पावलं लांबून, जेणेकरून मला ती डोक्यापासून पायापर्यंत दिसावीत. बसच्या नाकाला चिकटून कुणी चाललं की तुझा आवाज मला बंद काचेतून ऐकू यायचा.

मागून हॉर्न वाजायचे. लोक सिग्नलला मिनिटभर मुकाट उभे राहतात, पण पिवळ्या बसमागे पंधरा सेकंद थांबायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. एकदा तुझ्याच चुलतदिराचा मुलगा निघाला, भली मोठी काळी गाडी घेऊन. जमिनी विकल्या गेल्या आणि त्या पैशातून गाड्या आल्या, त्यातला. काच खाली करून म्हणाला, "काकी, मीच हाय, जाऊ दे ना." तू जागची हलली नाहीस. "तू हायस म्हनून तर थांब. बाकीच्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?" तो थांबला. मी आरशातून त्याचं तोंड बघत होतो, आणि मनात म्हणालो, ही बाई कुणाचं ऐकायची नाही.

आता त्या दुपारबद्दल लिहितो. चार वर्षं आपण दोघं तिच्याबद्दल बोललो नाही.

तेव्हा चावी माझ्याकडेच असायची आणि इंजिन चालू असायचं. इशारा ठरलेला होता. पोरं पलीकडे पोचली, तू परत आलीस की बसच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या आणि आत चढायचं. दोन थापा म्हणजे चल. सगळ्या बसवर हेच चालतं. त्या दिवशी करंजाड्याच्या त्याच स्टॉपला तू चार पोरं उतरवलीस. स्वरा तेव्हा पहिलीत होती, तिच्या पाठीपेक्षा दप्तर मोठं. मागे एक मोटरसायकलवाला सारखा हॉर्न मारत होता, माझं डोकं तापलं होतं. मी उजव्या आरशात बघून त्याला हाताने शिव्या घालत होतो. तो शेवटी फटीतून घुसला आणि जाता जाता रागाने आपल्या बसवर दोनदा हात आपटून गेला.

धप. धप.

मी क्लच सोडला.

बसच्या नाकाखालचं दाखवणाऱ्या पुढच्या आरशात बघितलं नाही. तू सीटवर आलीस का, तेही बघितलं नाही. पत्रा वाजला आणि माझा पाय उठला, शाळेच्या गाडीवरची सात वर्षांची सवय. गाडी हातभर पुढे गेली असेल. आणि तुझी किंकाळी आली, अशी की माझा पाय ब्रेकवर आपोआप गेला. खाली उतरलो तर तू बंपरला दोन्ही हात लावून उभी होतीस, जणू गाडी हातांनी अडवलीस. तुझ्या पायांमध्ये स्वरा बसलेली. तिची पाण्याची बाटली पडून घरंगळली होती आणि ती ओणवी होऊन टोपण शोधत होती. बसच्या नाकाखाली ती मला नुसत्या काचेतून दिसलीच नसती. तिला काही लागलं नव्हतं. ती वर बघून म्हणाली, "मावशी, टोपण मिळालं."

मी गटाराच्या कठड्यावर बसलो. तू स्वराला पलीकडे नेलंस, तिच्या आईच्या हातात दिलंस, परत आलीस, गाडीत डोकावून इंजिन बंद केलंस आणि चावी काढून मुठीत धरलीस. "उठ बाला. आत अजून एकवीस पोरं हायत."

फुटपाथवरच्या कुणीतरी शाळेत फोन केला होता. संध्याकाळी सुपरवायझर साहेबांनी दोघांना बोलावलं. माझ्या नावावर आधीच एक ताकीद होती, वेगाची. दुसरी म्हणजे घरी, हे मला माहीत होतं आणि तुलाही. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "साहेब, थाप मीच मारली. मना वाटलं पोर गेली. माजी चूक." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मावशी, मी मान खाली घातली. मी नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. तुला लेखी मेमो मिळाला, आठवडाभर गाडीवरून उतरवून घरी बसवलं. त्या आठवड्यात मी रोज ठरवायचो की आज साहेबांना खरं सांगू, आणि रोज गाडी लावून घरी जायचो.

तू परत आलीस त्या सकाळी पहिल्या स्टॉपला हात पुढे केलास. "चावी दे." कशाला, म्हणालो. "आता थाप नाय. चावी." एवढंच. मला वाटलं, ही शिक्षा आहे, आणि शिक्षा मिळायला हवी होती म्हणून पहिले काही महिने मुकाट दिली.

मग माणूस विसरतो. मी कुरकुरायला लागलो. चौदा स्टॉप, चौदा वेळा इंजिन बंद, चौदा वेळा चालू. "मावशी, स्टार्टर जाईल." तू म्हणायचीस, "जाईल तवा बगू." "बॅटरी बसेल." "बसू दे, तू पन बसूनच हायस." गेल्या वर्षी कर्नाळ्याला सहल नेली होती, आठवतंय? परतताना हायवेवर एका पोराला मळमळलं, मी गाडी कडेला पूर्ण आत घेतली, ब्लिंकर लावले. रस्ता कुणी ओलांडणार नव्हतं, काही नव्हतं. तरी तू एका हाताने पोराचं कपाळ धरलं आणि दुसरा हात माझ्यापुढे. मी चिडलो. "इथे कशाला?" तू म्हणालीस, "पोर खाली हाय का नाय? मंग दे." पोरगं ओकत होतं आणि आपण दोघं चावीवरून भांडत होतो. टीचर हसायला लागल्या.

शेवटचं भांडण मागच्या शनिवारचं. गाडी मैदानात लावली आणि मी तुला गाठलंच. म्हणालो, "मावशी, चार वर्षं झाली. एकदा तरी चुकलो का? आता तरी चावी राहू दे माझ्याकडे." तू कोटाची बटणं काढत होतीस. थकलेली दिसत होतीस, हे मला आत्ता आठवतंय, तेव्हा दिसलं नाही. म्हणालीस, "तुला काय वाटतंय, मी तुला कोंडून ठेवलंय?" मी म्हणालो, "मग काय?" तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस, जसं रस्त्यात उभी राहून बघायचीस. मग म्हणालीस, "सोमवारी सांगते. आज लय लांब हाय सांगायला." आणि रिक्षा पकडलीस.

रविवारी दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. तुझ्या सुनेचा फोन आला तेव्हा मी गाडी धूत होतो.

गुरुवारी शाळेने शोकसभा घेतली. पोरांनी कागदाची फुलं केली होती. साहेब छान बोलले तुझ्याबद्दल, अगदी मनापासून. आणि मग म्हणाले, "इतक्या वर्षांच्या सेवेत त्यांच्याकडून एकच चूक झाली, तीही त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली." मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. मला खूप लाज वाटली. तुझ्या फोटोला हार होता आणि हाराखाली माझी चूक तुझ्या नावावर होती.

घरी आलो आणि शाळेला पत्र लिहिलं. सगळं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "नोकरी जाईल." मी म्हणालो, "जाईल." पण पत्र देण्याआधी एका माणसासमोर उभं राहणं भाग होतं. शुक्रवारी दुपारची फेरी संपवून, गाडी मैदानात लावून मी परत करंजाड्याला गेलो आणि स्वराच्या घराचा जिना चढलो. तिसरा मजला. चार वर्षं रोज स्टॉपला थांबलो की तिची आई गॅलरीत उभी दिसायची. ही बाई आपल्यावर नजर ठेवून असते, असं मला वाटायचं. त्यात खोटं काही नव्हतं.

दार तिनेच उघडलं. मी आत न जाता दारातच सगळं बोलून टाकलं. थाप मावशीची नव्हती, मी आरशात बघितलं नव्हतं, तुमची मुलगी माझ्यामुळे मरता मरता वाचली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहिती आहे, दादा. त्याच दिवशी रात्री मावशी आल्या होत्या इथे."

मावशी, तू हे मला कधी सांगणार होतीस? सोमवारी?

तिने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "मी तर तेव्हा पेटले होते. म्हटलं, उद्या शाळेत जाते आणि त्या ड्रायव्हरला काढायलाच लावते. मावशी इथेच खाली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या..." आणि तिने तुझं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तुझ्याच सुरात. इतक्या वर्षांनीही तिला इतकं पाठ होतं.

"त्याला काडलात तर उद्या दुसरा यील. त्या दुसऱ्याला अजून भ्या ठावं नाय. याला आज ठावं झालंय. दुपारचा तो अजून थरथरतंय. ताई, माज्या पोरांना मना योच ड्रायव्हर पायजेल."

आणि पुढे, "तरी तुमचा जीव नाय भरवसा ठेवत, तर चावी मी माज्या हातात ठेवीन. तुमी गॅलरीतून बगा. ज्या दिशी माज्या मुठीत चावी दिसनार नाय, त्या दिशी शालेत जावा. मी आडवी येनार नाय."

म्हणून रस्त्याच्या मध्ये उभी राहून तू उजवा पंजा गाड्यांना दाखवायचीस आणि डावी मूठ जरा वर, चावीची रिंग बाहेर लोंबती ठेवून. मला वाटायचं, चारचौघांत मला हिणवतेस. तू तर चार वर्षं रोज, दुपारच्या उन्हात, माझी नोकरी हातात धरून उभी होतीस. आणि मी स्टार्टरवरून कटकट करत होतो!

मी रडलो, मावशी. अनोळखी बाईच्या हॉलमध्ये, तिच्या सासऱ्यांसमोर. स्वरा आतून आली, आता पाचवीत आहे, उंच झालीय. तिने टिश्यूचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि काहीच न विचारता परत आत गेली.

निघताना मी तिच्या आईला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "द्या. कुणी विचारलं तर मी सांगेन मला ठाऊक होतं." मग दारात जरा थांबली. "दादा, एक सांगू? बुधवारपासून चावी दिसली नाही. कालही नाही, आजही नाही. मी सोमवारी शाळेत जाणारच होते."

बुधवारपासून गाडी तुझ्याशिवाय सुरू झाली होती आणि मी चावी खिशात टाकली होती. मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. खरं सांगतो, वाटलंही होतं, पहिल्या दोन स्टॉपना.

शनिवारी सकाळी पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाले, "सोमवारी प्रिन्सिपल मॅडमसमोर या. तोवर गाडी चालवा." मी विचारलं, "मावशींच्या फाइलमधला मेमो?" म्हणाले, "तो मी आजच काढतो." बाकी सोमवारी काय व्हायचं ते होईल. काढलं तर काढलं. तू चार वर्षं माझ्यासाठी जे केलंस ते सांगून नोकरी वाचवायला मी कुणाकडे जाणार नाही, आणि तुझं नाव साफ झालं एवढं मला पुरे आहे. पण तुला खोटं कशाला सांगू, गाडी सुटू नये असं फार वाटतंय. तू ज्याच्यासाठी शब्द टाकलास तो ड्रायव्हर तुझ्या पोरांना आणखी काही वर्षं मिळावा, असं वाटतंय.

दुपारी करंजाड्याला थांबलो. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि वंदनापुढे हात केला. ती म्हणाली, "हे कशाला काका?"

म्हणालो, "घे. पोरं खाली आहेत तोवर तुझ्याकडे. तू सीटवर बसून देईपर्यंत मी मागणार नाही. मागितली तरी देऊ नकोस."

ती गोंधळली, पण घेतली. दार अर्धं उघडलं, मी सांगितलं होतं तसा आधी स्वतःचा पाय खाली ठेवला, मागे बघितलं. पोरांना भिंतीशी उभं केलं. रस्त्यात गेली. एक टेम्पो थांबेना. मी काचेतून ओरडलो, "तोंडाकडे बघ त्याच्या!" तिने बघितलं. टेम्पो थांबला. मूठ अजून खालीच होती, तर स्वरा रस्ता ओलांडता ओलांडता तिच्याजवळ गेली, काहीतरी म्हणाली आणि तिचं मनगट धरून वर उचललं.

मी वर बघितलं. गॅलरीत तिची आई होती. तिने मान हलवली आणि आत गेली. चार वर्षांत पोरगी जिन्यात पोचायच्या आधी ती आत गेलेली मी पहिल्यांदा पाहिली.

वंदना परत आली, बसली, दार लावलं, चावी माझ्या हातात दिली. तिच्या घामाने ओली होती, तुझी असायची तशीच. मी लावली, फिरवली. पहिल्या झटक्यात चालू.

मावशी, चार वर्षांत स्टार्टर एकदाही बिघडला नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.